ताप नाही, पण माणूस गुमान आहे

लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी म्हातारं माणूस दवाखान्यात आणतात तेव्हा सोबत आलेला कधीच रोगाचं नाव सांगत नाही. तो सांगतो, कालपासून गुमान पडलंय, चहाला तोंड लावलं नाही, परसाकडं जाताना पडलं, लेकीला वळखंना. थर्मामीटर काखेत लावला की साडेसत्त्याण्णव भरतो. ताप नाही म्हटल्यावर सोबतच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि खरं सांगायचं तर कॅज्युअल्टीत बसलेल्यांचाही पडतो. मग एक सलाईन, एक सीबीसी, जमल्यास सीआरपी. तासाभरात कागद येतो आणि त्या कागदावरचा आकडा पुढचं सगळं ठरवतो: ठेवायचं, घरी पाठवायचं, की नांदेडला रेफर करायचं. रक्त तपासण्याच्या कामात वर्षं घातल्यावर माझं या आकड्यांबद्दल एक मत झालं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात जंतू गेले आहेत का, हे शोधताना आकड्याने आपला संशय वाढवला तर तो ऐकावा. संशय मिटवायला लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. हे एकांगी वाटेल, म्हणून त्यामागची कारणं जरा सविस्तर मांडतो.

पहिलं कारण म्हातारपणच. तरुण माणसाच्या रक्तात जंतू शिरले की शरीर आरडाओरडा करतं. ताप १०३, थंडी, नाडी १२० वर. सत्तरीच्या पुढे हा आवाज बसतो. गंभीर संसर्ग असूनही ताप न येणाऱ्या वृद्धांचं प्रमाण वैद्यकीय साहित्यात वीस ते तीस टक्के सांगितलं जातं. मुळात त्यांचं रोजचं तापमानच कमी असतं, त्यामुळे ज्याचं अंग एरवी ९७ असतं त्याच्यासाठी ९९ हाच ताप. रक्तदाबाची एखादी गोळी चालू असते, ती नाडी वाढू देत नाही. छातीत कफ भरला तरी खोकला नाही, लघवीत पू झाला तरी जळजळ सांगत नाही. कळतं ते एवढंच की माणूस बदललाय. आणि हा बदल सांगणारं माणूस जवळ असेलच असं नाही. लोहा-कंधारच्या पट्ट्यातली कर्ती माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, शिकलेली पुण्यात असतात. म्हाताऱ्याला घेऊन येतो तो शेजारी किंवा भावकीतला कुणीतरी, ज्याला आजोबांना मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे हेही ठाऊक नसतं. मुलगा फोनवर असतो आणि तो विचारतो, 'रिपोर्ट काय आला?' हकिकत नसली की रिपोर्टचं वजन आपोआप वाढतं. नेमका तिथेच धोका आहे.

हे आकडे मोजतात तरी काय? सीआरपी सगळ्यांच्या ओळखीचा. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटत होतं, म्हणून नावात 'सी' आला. ते यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठेही दाह झाला की वाढतं. त्याला जंतूशी देणंघेणं नाही. गुडघा सुजला, मार लागला, हाड मोडलं, डेंगी झाला, तरी ते वाढतं. शिवाय ते आळशी आहे: वाढायला सहा-आठ तास घेतं आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस. प्रोकॅल्सिटोनिन हे त्याचं शिकलेलं भावंड. एरवी ते थायरॉइड ग्रंथीत तयार होतं आणि तिथेच त्याचे तुकडे होऊन कॅल्सिटोनिन बनतं, म्हणून निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही. जंतूंचं विष अंगात भिनलं की यकृत, फुप्फुस, चरबी, जिकडेतिकडे ते बनू लागतं आणि त्याचे तुकडे करणारी व्यवस्था तिथे नसल्यामुळे तसंच रक्तात उतरतं. १९९३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लहान मुलांच्या सेप्सिसबाबत हे मांडलं आणि पुढे ते जगभर गेलं. दोन ते चार तासांत वाढायला लागतं, उपचार लागू पडला की दिवसाला साधारण निम्म्याने उतरतं. विषाणूच्या तापात सहसा फारसं वाढत नाही. एवढं वाचलं की वाटतं, सापडलं उत्तर.

आता हिशेब मांडून बघू. रक्तातल्या जंतूंसाठी प्रोकॅल्सिटोनिन किती उपयोगी आहे यावर ५८ अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. मिलिलिटरमागे ०.५ नॅनोग्रॅम ही सीमा धरली तर खरोखर जंतू असलेल्या शंभरांतले ७६ ही तपासणी पकडते, आणि नसलेल्या शंभरांतल्या ६९ जणांना बरोबर बाजूला काढते. समजा, संशय यावा अशा अवस्थेतली शंभर म्हातारी माणसं आली आणि त्यांतल्या वीस जणांच्या रक्तात खरंच जंतू आहेत. त्या वीसांतले पंधरा पकडले जातील, पाच सुटतील. उरलेल्या ऐंशींपैकी पंचवीस जणांचा आकडाही उगाच वाढलेला येईल. म्हणजे ज्या चाळिसांचा रिपोर्ट 'वाढलेला' त्यांतले निम्म्याहून कमी खरे, आणि ज्या साठांचा 'नॉर्मल' त्यांत पाच जण असे की ज्यांना घरी पाठवलं तर परत येतील ते १०८ च्या रुग्णवाहिकेतून. साठांत पाच, म्हणजे बारांत एक. कोणी म्हणेल, बाकी अकरा तर वाचले ना तपासण्यांतून? वाचले. पण जंतू रक्तात असताना औषधाला एक दिवस उशीर होणं आणि गरज नसताना एक दिवस औषध मिळणं, या दोन चुका एका तराजूत घालण्यासारख्या नाहीत. निदान ऐंशीच्या माणसाबाबत तरी नाहीत. आकडा वाढलेला आला की म्हणूनच मी त्याला मान देतो: चौकशी वाढवा, पोट दाबून बघा, पाठ उघडी करून शय्याव्रण बघा, पायाच्या बोटांच्या बेचक्या बघा, लघवीची नळी कधीची आहे ते विचारा. नॉर्मल आला तर मात्र यांतलं एकही पाऊल गाळायची परवानगी तो देत नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. आमच्या रिपोर्टांवर तारीख असते, क्वचित नमुना घेतल्याचा तास असतो, पण हुडहुडी कधी भरली तो तास कधीच नसतो. पहाटे चारला हुडहुडी भरली आणि सकाळी सहाला रक्त काढलं, तर सीआरपी दहा आला यात नवल काय? तोच माणूस संध्याकाळी सहाला शंभरच्या पुढे असेल. उलट तीन दिवसांनी आणलेल्या माणसाचा दीडशे सीआरपी कदाचित उताराला लागलेला असेल. एकटा आकडा हा धावत्या एसटीचा फोटो आहे. गाडी येतेय की जातेय ते त्यातून कळत नाही. या कामातलं माझं मत सर्वांत जास्त बदललं ते इथे. सुरुवातीची वर्षं मला वाटायचं की सीमा कुठली धरायची, ०.२५ की ०.५ की २, हाच मुख्य प्रश्न. आता वाटतं, दुसरा नमुना सहा-बारा तासांनी घेतला की नाही हा मुख्य प्रश्न. दोन साध्या तपासण्या वेळ लिहून केल्या तर त्या एका महागड्या तपासणीपेक्षा जास्त बोलतात.

साध्या तपासण्यांचा विषय निघाला म्हणून सीबीसीबद्दल थोडं. हा कागद प्रत्येकाचा निघतो आणि तो नीट वाचला जात नाही. डेंगीच्या साथींनी आपल्याकडे 'पेशी' हा शब्द घराघरांत पोचवला. पेशी म्हणजे प्लेटलेट, आणि पेशी कमी म्हणजे डेंगी, इतकं समीकरण पक्कं झालंय. म्हाताऱ्या माणसात ताप नसताना प्लेटलेट ऐंशी हजारांवर आल्या तर त्या सेप्सिसमुळेही असू शकतात, हे लोकांनाच काय, कधी कधी आपल्यालाही सुचत नाही. एकूण पांढऱ्या पेशी आठ हजार, अगदी नॉर्मल, म्हणून कागद बाजूला पडतो. पण त्यात न्यूट्रोफिल ९२ टक्के आणि लिम्फोसाइट ५ टक्के असतात. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातल्या रुग्णांच्या रक्तातले जंतू ओळखायला लिम्फोसाइटची घट आणि या दोन पेशींचं गुणोत्तर सीआरपी व एकूण पांढऱ्या पेशींहून सरस ठरलं होतं. त्याला वेगळा पैसा लागत नाही, एक भागाकार लागतो. यंत्रावर भिस्त न ठेवता काच बघितली तर आणखी दिसतं. लिशमनचा रंग चढलेल्या काचेवर तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली सरकवत गेलं की एरवी तीन-चार कप्प्यांचं केंद्रक असलेले न्यूट्रोफिल घोड्याच्या नालासारखे, कप्पे न पडलेले दिसू लागतात; त्या बँड पेशी, अस्थिमज्जेच्या कारखान्यातून घाईने बाहेर काढलेल्या. त्यांच्या अंगात जाड जांभळे-काळे कण, मधूनच पोकळी. असं दृश्य दिसलं की 'टोटल काउंट नॉर्मल' हे शब्द लिहिताना हात थांबायला हवा. यंत्राच्या रिपोर्टवर तांबड्या ठशात येणाऱ्या स्टार खुणेत हे काही येत नाही.

पण यालाही गावाकडची एक खोड लागलेली आहे. म्हातारा आमच्यापर्यंत येण्याआधी त्याला कुठेतरी एक 'इंजेक्शन' झालेलं असतं. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, ताप दबतो, आणि सीआरपीही दबू शकतो; म्हणजे आपण ज्या ज्या खुणा शोधतो त्या सगळ्या बदलून टाकणारं ते एक औषध. मे महिन्यात आणखी गोंधळ. नांदेड-लातूरकडे पारा ४२ च्या पुढे गेला की बेशुद्धीत आणलेल्या म्हाताऱ्याला उष्माघात झालाय की सेप्सिस, हे प्रोकॅल्सिटोनिनला विचारून उपयोग नाही, कारण उष्माघातातही ते चांगलं वाढतं. किडनी निकामी असेल तर ते आधीपासूनच थोडं वर असतं. यकृत खराब असेल तर सीआरपी हवा तसा वाढतच नाही. रक्तातलं लॅक्टेट दोनच्या वर गेलं की आपण धास्तावतो, आणि धास्तावावंच. फक्त मेटफॉर्मिन, झटके, यकृताचा आजार यांनीही ते वाढतं एवढं ध्यानात ठेवावं. मधुमेही म्हातारा आणि मेटफॉर्मिन ही जोडी तर आपल्याकडे घरोघर.

मग या सगळ्या चिन्हांना सोडून थेट जंतूच का शोधू नये? माझं म्हणणं शेवटी तिकडेच जातं. रक्ताचं कल्चर ही जुनी, कष्टाची आणि आपल्याकडे सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी. टाळण्याची कारणं काढून बघितली की हसू येतं. मोठ्या माणसाच्या रक्तात एका मिलिलिटरमध्ये एखाद-दुसराच जंतू असू शकतो, म्हणून बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त लागतं, आणि दोन वेगळ्या जागांहून घेतलेलं लागतं. म्हाताऱ्या हाताची कातडी पापडासारखी, शीर दिसते पण सुई लागली की सरकते. त्यामुळे तीन मिलिलिटर मिळाले की हात आटोपता घेतला जातो. कातडीवर स्पिरिट फिरवून ते वाळेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं असतं, तेवढं कुणी थांबत नाही. जागा पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपली जाते. बाटलीच्या रबरी बुचावरचं झाकण काढलं म्हणजे ते निर्जंतुक झालं असं धरलं जातं. मग कातडीवरचा जंतू वाढतो आणि लोक म्हणतात, कल्चरचा भरवसा नाही. भरवसा हाताचा नसतो. आणि सर्वांत मोठी चूक क्रमाची: आधी अँटिबायोटिक, मग आठवण झाली तर कल्चर. २०१९ मध्ये कॅनडा-अमेरिकेतल्या एका अभ्यासात ३२५ गंभीर रुग्णांचं रक्त औषधाआधी आणि औषधानंतर दोन तासांच्या आत असं दोनदा घेतलं. आधीच्या नमुन्यात ३१.४ टक्क्यांमध्ये जंतू सापडले, नंतरच्या नमुन्यात १९.४ टक्क्यांमध्ये. एका डोसने आणि दोन तासांनी एवढा पुरावा पुसला जातो. गावातल्या त्या अनामिक इंजेक्शनने किती पुसला जात असेल?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस, तोवर म्हातारा राहतो का? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघतं ते असं की औषध कल्चरच्या निकालासाठी थांबवू नये. कल्चर काढूच नये असं निघत नाही. पहिल्या दिवशी आपण अंदाजाने औषध देतो. तिसऱ्या दिवशी ते औषध चुकतंय का, हे सांगणारा कल्चरशिवाय दुसरा साक्षीदार नाही. भारतात तर तो हवाच. आयसीएमआरच्या पाहणीत ई. कोलाय या जंतूवर इमिपेनेम हे राखीव औषध २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के वेळा चालत होतं, २०२३ पर्यंत ते ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हाताऱ्यांच्या लघवीतून रक्तात शिरणारा हाच तो जंतू. दुसरा आक्षेप याच आकड्यांवरून घेतला जातो: मग तुमचं ऐकून प्रत्येक गुमान म्हाताऱ्याला अँटिबायोटिक ठोकायचं का? नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शनात यात फरक केला आहे. रक्तदाब कोसळलेला असेल तर तासाभरात औषध. तो ठीक असेल आणि नुसता संशय असेल तर झटपट तपास करायला तीन तासांपर्यंत मुभा. रक्तातल्या खुणांची खरी जागा मला या तीन तासांत दिसते. त्याच मार्गदर्शनात असंही सुचवलं आहे की औषध सुरू करायचं की नाही हे ठरवायला प्रोकॅल्सिटोनिन वापरू नये, वैद्यकीय परीक्षणावर ठरवावं. थांबवायचं कधी, हे ठरवायला मात्र वापरावं. २०२४ अखेर प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, २७६० रुग्णांवर, रोजच्या प्रोकॅल्सिटोनिनने अँटिबायोटिकचे दिवस सुरक्षितपणे थोडे कमी झाले. सीआरपीने झाले नाहीत. म्हणजे औषध आटोपतं घेण्यासाठी हा आकडा चांगला, नाकारण्यासाठी वाईट.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. खासगी प्रयोगशाळेतली प्रोकॅल्सिटोनिनची तपासणी म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे मोठं काम झालं. पण जी तपासणी तिथे होतच नाही ती मोफत असून काय. म्हणून माझा सल्ला कंजूष माणसाचा आहे. बोस्टनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये कल्चर कुणाचं काढावं याचा एक नियम मांडला. त्यात वय ६५ च्या पुढे ही एक गौण खूण आणि थंडी वाजून येणं ही दुसरी. दोन गौण खुणा जुळल्या की कल्चर काढावं. त्यात सीआरपी नाही, प्रोकॅल्सिटोनिन नाही. म्हातारा वयाने अर्धी अट घेऊनच दारात येतो; उरलेली अर्धी एका प्रश्नात मिळते: 'रात्री हुडहुडी भरली होती का, दात वाजत होते का, किती वाजता?' हा प्रश्न विचारायला काही लागत नाही आणि अजून तो केसपेपरवर क्वचितच लिहिलेला सापडतो. टायफॉइडसाठीची विडालची तपासणी मात्र लिहिलेली सापडते.

लोह्याहून विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेड शहराच्या अलीकडेच, लातूर रस्त्यावर आहे. गाडीने तासाच्या आतली वाट. तालुक्याच्या ठिकाणी कल्चरचं यंत्र नसतं, हे कारण या वाटेपुढे टिकत नाही. बाटली इथेच, पहिल्या इंजेक्शनच्या आधी भरता येते. ती फ्रिजमध्ये ठेवायची नसते, साध्या तापमानाला राहते आणि रुग्णाच्या शेजारी त्याच १०८ मध्ये जाऊ शकते. तिथली प्रयोगशाळा बाहेर भरलेली बाटली घेईल का, हा प्रश्न रास्त आहे, पण तो विज्ञानाचा नाही, दोन कार्यालयांतल्या पत्रव्यवहाराचा आहे. तसाच इथला पहिला सीआरपी आणि सीबीसी. आज तो कागद इथेच राहतो किंवा नातेवाइकाच्या पिशवीत चुरगळतो, आणि तिकडे सगळं शून्यापासून सुरू होतं. नमुना घेतल्याचा तास लिहून तो रेफरच्या चिठ्ठीला टाचला, तर तिथल्या दुसऱ्या आकड्याला अर्थ येईल.

आणि जे म्हाताऱ्याला घेऊन येतात त्यांच्यासाठी एक विनंती. नेहमीच्या गोळ्यांची पाकिटं आणा. हुडहुडी किती वाजता भरली ते आठवून ठेवा. गावात इंजेक्शन झालं असेल तर लाजू नका, लपवू नका; त्याची रिकामी कुपी तेवढी खिशात टाकून आणा.